मास्तरांनी बेतलेली माझी एकांकिका

“कागद खाले ठेव. आते सांग, काय व्हयनं?”

मास्तरांची तालीम या वाक्याने सुरू व्हायची. पोरगं दोन पानं घोकून आलेलं असायचं. हातातला कागद गेला की ते बावरायचं, आणि मग नाटकात काय झालं ते घरच्या बोलीत सांगू लागायचं. मास्तर मान डोलवत ऐकत. शेवटी त्यांच्या अहिराणीत म्हणत, “हां. हाईच करानं शे.”

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. नंदुरबारच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पोशाख शिवता शिवता ते तालमीला बसायला लागले, आणि पुढे कधी तरी पोरांना शिकवायलाही लागले. मी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि दरवर्षी स्पर्धेसाठी एकांकिका लिहायचो. ती उभी मास्तर करत. गळ्यात टेप तशीच असायची. कुणी ओढूनताणून रडलं की डोळे मिटून हळूच म्हणत, “शिलाई दिखी ऱ्हायनी.” पोरं हसायची आणि तोच संवाद पुन्हा म्हणायची.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल, तर गावाचं काही तरी राहून गेलंय.

एका वर्षी मी ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबावर लिहिलं. बाप मुलीची शाळा सोडवून तिला सोबत न्यायला निघतो आणि आई आडवी येते. आईच्या तोंडी मी दीड पानाचं भाषण घातलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

आईचं काम रमिला करणार होती. ती सातपुड्यातल्या मोलगीकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. घरी भिली बोलणारी. माझं मराठी तिच्या तोंडात खडे चघळावेत तसं व्हायचं. मास्तरांनी एका दुपारी तिला प्रसंग भिलीत सांगायला लावला. तिने तो तीन वाक्यांत सांगितला. आम्हाला शब्द नीट कळले नाहीत, पण बापाचं काम करणारा मुलगा मागे सरकला.

मास्तर माझ्याजवळ आले. “सर, तुम्हनं लिखेल चांगलं शे. पन ती माय इतलं बोलत नहीं.”

त्यांनी माझं दीड पान तीन ओळींवर आणलं. मी दोन दिवस तालमीला फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तर हॉलच्या दारात एक अनोळखी माणूस उभा. रमिलाचे वडील. मुलगी शिक्षण सोडून नाटकं करते असं कुणी तरी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि सकाळच्या जीपने ते तिला न्यायला आले होते.

“सामान बांध,” एवढंच ते म्हणाले.

रमिला माझ्याकडे बघत होती. मास्तरांनी मात्र खुर्ची पुढे केली. “बसा भाऊ. पानी प्या. इतला सीन व्हवू द्या, मंग लई जा.”

सीन सुरू झाला. रमिला डोक्यावर गाठोडं घेऊन आली आणि तिने ते धपकन खाली टाकलं. वडील चुळबुळले. मग म्हणाले, “तसं नाही टाकत. भांडी फुटतील.”

“मंग कसं?” मास्तरांनी विचारलं. “तुम्हीच दखाडा.”

ते उठले. गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. आधी एक गुडघा टेकला, मग मान तिरकी करून ते हळूच मांडीवर घेतलं आणि तिथून जमिनीवर. “हिची आई असं करते,” ते म्हणाले. रमिलाने तसं केलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. चौथ्या वेळी ते खुर्चीत जाऊन बसले आणि तालीम संपेपर्यंत उठले नाहीत.

संध्याकाळच्या जीपने ते एकटेच परतले.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. पोरं हिरमुसली. मास्तर पोशाख घडी करत म्हणाले, “नंबर काय शर्टले लावाना शे?” पण परतताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, सुई ओवता येईना. मुलाने त्यांना सुरतेला नेलं. यंदा हिवाळ्यात ते तिथेच वारले.

मी रमिलाला फोन केला. ती आता धडगावच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिकवते. ऐकून म्हणाली, “सर, वर्ग चालू आहे. नंतर करते.”

फोन बंद करायचा मात्र तिच्याकडून राहून गेला. ती मुलांना गोष्ट वाचून दाखवत होती. आवाज स्वच्छ होता. एका वाक्याच्या मध्येच ती थांबली. एका मुलीने विचारलं, “मग काय झालं, बाई?”

मीही फोन कानाला लावून थांबलो. थोड्या वेळाने तिने पुढचं वाक्य वाचलं.