एका ओळीवर दोन नावे

सारजाबाईंच्या दारात दोनशे लिटरचे एक निळे टिपाड होते. वसाहतीतल्या प्रत्येक टिपाडावर मालकाचे आडनाव रंगवलेले असे. याच्यावर मात्र तांबडी फुली होती. घरात म्हाताऱ्या दोन, आडनावे दोन आणि टिपाड एक. तेव्हा भांडणापेक्षा फुली बरी, असा निवाडा केसरबाईंनी फार पूर्वीच देऊन टाकला होता.

सारजाबाई पाचोडकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरे गेली, पाठोपाठ नवरा परागंदा झाला, आणि सतराव्या वर्षी त्या पैठणच्या धरणावर खडी फोडायला गेल्या. तिथे पिशोरहून आलेली, जिभेला तिखट आणि हाताला चपळ अशी केसर भेटली. एकीने फोडायचे, दुसरीने वाहायचे, ढीग दोघींचा. नजर पोचेल तिथवर लांबत चाललेली ती भिंत पाहून सारजा पहिल्या दिवशी तोंडात बोट घालून उभीच राहिली.

"बघती काय? आपल्याच पाट्यांनी चढतीय ती," केसर म्हणाली.

मुकादम हजेरीपत्रकात जोडीची दोन्ही नावे एका ओळीवर लिहीत असे. नाते विचारीत नसे. दुष्काळ सरला, काम संपले, पण ती जोडी फुटली नाही. दोघी शहरात आल्या, चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या बांधकामावर विटा वाहिल्या आणि सातारा डोंगराच्या पायथ्याशी अर्ध्या गुंठ्यावर पत्र्याची खोली उभारली. संसार म्हणून जे जे असते, रुसवे, दुखणी, एका वाकळेतली ऊब, ते सारे त्या खोलीत जवळजवळ चाळीस वर्षे नांदले. कोणी विचारलेच तर "बहिणी" म्हणून सांगायचे, हे ठरलेले.

त्या सांगण्याने शेवटी घात केला. २०१५ च्या जानेवारीत केसरबाईंच्या डाव्या अंगावरून वारे गेले. रुग्णालयात सारजाबाईंनी "बहीण" म्हणून सांगितले. पण वडिलांची नावे विचारताच खोटे उघडे पडले. पिशोरहून भाचा येऊन सही करीपर्यंत दोन दिवस सारजाबाई दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत केसर "सारजे, सारजे" करीत होती, ते त्यांना ऐकू येत होते. हे खोटे पुन्हा तोंडातून काढायचे नाही, अशी त्यांनी त्या बाकावरच गाठ बांधली.

त्याच वर्षी मे महिन्यात वसाहतीतल्या बोअर आटल्या. शहर पसरत पसरत डोंगराला येऊन टेकले होते. वीज आली होती, नळ मात्र आला नव्हता. चौथ्या दिवशी टँकर येई. त्याची यादी काकासाहेबांकडे. हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. फूटपट्टीवाचून रेघ न मारणारे. एकाच घराची तीन-तीन कुटुंबे दाखवून पाणी लाटण्याचे प्रकार वाढले, तसा त्यांनी नियम केला: नव्या यादीत प्रत्येकाचे नाव आणि नाते लिहायचे. नातलग असतील तर एक कुटुंब, एक टिपाड. नाते नसेल तर वेगळी कुटुंबे, वेगळी टिपाडे.

शेजारची शालू धावतच आली. "मावशे, तुमचं तर फावलं! सख्ख्या बहिणी नाय ना तुमी? मंग वेगळं लिवा. दोन टिपाडं!"

केसरबाई खाटेवरून म्हणाल्या, "घे की दोन. दोन महिने झाले, माझं डोस्कं धुतलं नाय धड."

"आपण वेगळ्या हाव का?"

"पाणी भेटंस्तोवर हाव म्हण! लई आली खरं बोलणारी."

चौथ्या दिवशी सारजाबाई टिपाड हातगाड्यावर घालून रांगेत उभ्या राहिल्या तेव्हाही त्यांचे ठरलेले नव्हते. टँकरला उशीर होता. काकासाहेब कडुलिंबाखाली खुर्चीवर बसून, प्रथेप्रमाणे, रांगेला वर्तमानपत्र वाचून दाखवीत होते. एका बातमीवर ते थांबले, चष्मा पुसला आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आयर्लंड नावाच्या देशात लोकांचे मत घेतले होते. दोन स्त्रियांचा किंवा दोन पुरुषांचा विवाह कायद्याने मानावा की न मानावा? शंभरातल्या बासष्टांनी "मानावा" म्हणून कौल दिला होता.

"लगीन?" सारजाबाईंनी विचारले. "दोन बायांचं?"

"होय. सरकारी दप्तरात नोंदवलेले."

"राजानं सांगितलं आसंल."

"राजा नाही तिथे. लोकांनीच रांगा लावून मते दिली. परदेशी गेलेली मुले केवळ एवढ्यासाठी जहाजांनी, विमानांनी घरी परतली, असे लिहिले आहे."

सारजाबाईंनी आपल्या मागची रांग पाहिली. चाळीसेक माणसे होती. अख्खा देश असा उभा राहिला तर ती रांग केवढी होत असेल, याचा अंदाज त्यांना लागेना. एवढी माणसे घरदार सोडून उभी राहिली, आणि मागायला काय आली, तर परक्या दोघींचे एक घर!

"त्या एकाच गावात का अजून कुठं?"

काकासाहेबांतला शिक्षक जागा झाला. "हॉलंडने आरंभ केला, दोन हजार एक साली. मग बेल्जियम, स्पेन, नॉर्वे, स्वीडन, पोर्तुगाल, डेन्मार्क, फ्रान्स... पूर्वेकडचे पुष्कळ देश अजून बाहेर आहेत. परंतु युरोप खंडाचा पश्चिमेकडचा बराच भाग यात आला." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. या देशांच्या राजधान्या त्यांनी पस्तीस वर्षे शिकवल्या होत्या. तिथल्या घरांत काय चालले आहे हे त्यांना आजच कळत होते.

तेवढ्यात टँकर आला. काकासाहेबांनी यादी उघडली. "सारजाबाई, तुमची दोन टिपाडे. नाते नाही, असे लिहू ना?"

"एकच लिवा."

"म्हणजे बहिणी?"

"नाय. बहिणी नाय. धरणावर मुकादम लिवायचा तसं लिवा. एका ओळीवर."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले. शालूने कपाळाला हात लावला. "मावशे, पाणी चाललंय गं!"

टँकरवाला रहीम पाइप धरून ओरडला, "क्या अम्मा, लोगां दो के वास्ते झगडते, तुमे दो का एक करते?"

"व्हय बाबा. एकच हाय आमचं."

काकासाहेब लेखणी उचलून थांबले. आपल्याकडे असा कायदा नाही, हे ते जाणत होते. रकानाही नव्हता. त्यांनी सारजाबाईंकडे पाहिले, गुडघ्यावरच्या वर्तमानपत्राकडे पाहिले आणि लिहायला आरंभ केला. नावाचा रकाना अरुंद होता. 'सारजाबाई' त्यात कसेबसे मावले. तेव्हा जन्मात आखलेली रेघ न ओलांडलेल्या त्या माणसाने लेखणी उचलली नाही. ती रेघेवरून तशीच पुढे नेली आणि नात्याच्या रकान्यात लिहिले: 'केसरबाई'.

"पुढचे कोण?" ते म्हणाले. रांगेतले हसू केव्हाच थांबले होते.

शालूच्या मदतीने हातगाडा ढकलीत सारजाबाई घरी आल्या तेव्हा केसरबाई दाराकडेच डोळे लावून होत्या. "किती आणली?"

"एक."

"सारजे! बहीण म्हणून लिवून आलीस का काय?"

"नाय."

"मंग नातं काय लिवलं?"

"तुजं नाव लिवलं."

केसरबाईंनी धडधाकट हाताने सारजाबाईंचा पदर धरला.

"डोस्कं पुढच्या टँकरला धुऊ," त्या म्हणाल्या. "आज दोघीबी पिऊ."