यानाची खोली आणि आमचं पेव

माणूस चंद्रावर चालून आला आणि आमच्या चिखली तालुक्यातल्या लहानशा हायस्कुलात सगळ्यांनाच विज्ञान चढलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी काहीतरी तयार करा, असं हेडमास्तरांनी मला सांगितलं, कारण शाळेत विज्ञान शिकवणारी मी एकटी. मी चोवीस वर्षांची होते, दोन स्थळं नाकारून बसलेली, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. साबण, बंधारा असलं काही मी करणार नाही, मी यान करणार, असं जाहीर करून मोकळी झाले.

यान लांबच्या ग्रहावर वस्ती करायला जाणारं होतं आणि सुट्या खोल्यांचं होतं. शाळेत येणाऱ्या दूध पावडरचे रिकामे डबे मी खोल्या म्हणून घेतले. एक निजायची, एक यंत्रांची, एक भाजीपाल्याची, एक धान्याची. प्रवासात त्या एकीला एक जोडलेल्या राहणार आणि तिथं उतरल्यावर सुट्या करून जमिनीवर मांडल्या की झाली वाडी तयार. एखादी बिघडली तर तेवढीच काढून टाकायची. या कल्पनेच्या नादात जेवताना माझा हात वाळायचा.

अडलं ते हवेशी. बंद खोलीत एक माणूस किती वेळ राहू शकतो, याचा आकडा मी पुस्तकावरून काढला होता. पण तो खरा करून दाखवायची खुमखुमी मला आली. आमच्या घरामागे ज्वारी साठवायचं पेव होतं. जमिनीत खोदलेलं, दोन पुरुष खोल, तोंड लहान आणि पोट मोठं. नवी ज्वारी अजून खळ्यावर होती, त्यामुळे ते रिकामं होतं आणि पावसाळाभर त्याच्या तोंडावर शिळा होती. याहून चांगली बंद खोली मला कुठं मिळणार होती?

खरं तर आत मीच उतरणार होते. पण आदल्या दिवशी शिळा सरकवून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले. तो अंधार आणि तो कुबट वास. मोठा भाऊ शेजारी उभा होता. सातवी करून तो शेतीला लागला होता आणि माझ्या शिक्षणाचं माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कौतुक होतं. माझा चेहरा पाहून त्यानं विचारलं, मी उतरलो तर चालेल का? माणूस पाहिजे, कोणताही चालेल, असं मी म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले.

पेवात उतरायची आमच्याकडे रीत आहे. आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, वरच्यानं हाका मारत राहायच्या आणि खालच्यानं ओ देत राहायची. दोर आम्ही बांधला. कंदील मात्र मी सोडू दिला नाही. कंदील हवा खातो, माझा हिशेब चुकेल, असं मी भावाला समजावलं. शिवाय पेव रिकामं, मग त्यात कुजक्या धान्याची विषारी वाफ कुठून येणार? पण तळाशी राहिलेली थोडी ज्वारी आणि भुसा ओल लागून कुजले होते. कुजताना निघणारा वायू जड असतो आणि तळाशी बसून राहतो, हे आठवीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहून देणारी मीच.

तो खाली जाऊन बसला की मग शिळा पुन्हा तोंडावर सरकवायची, असं ठरलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला तो उतरला. मी हाक मारली. "हाव," तो म्हणाला. पुन्हा हाक, पुन्हा हाव. तिसऱ्या हाकेला हाव उशिरा आला आणि जड आला. चौथ्या हाकेला काहीच आलं नाही.

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग मी दोर ओढला. तो ताठ झाला आणि तिथंच राहिला. पाय रोवून पुन्हा ओढला, पण एकटीला तो हलेना. मी याला मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी काठावर बसून पाय आत सोडले, तेवढ्यात कोणीतरी माझी वेणी धरून मला मागं फेकलं. खळ्यावरून पाणी न्यायला घरी आलेले बाबा होते ते.

"तू उतरली तं दोघंबी मरसान," एवढंच ते बोलले.

आम्ही दोघांनी मिळून दोर ओढला. भाऊ पेवाच्या तोंडाशी येऊन खांद्यात अडकला. त्याची मान लोंबत होती आणि ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. बाबांनी पालथं पडून त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उन्हात ओढून काढलं. त्याची छाती वर होईपर्यंतचा वेळ मला आजही मोजता येत नाही.

तो शुद्धीवर आला, ओकला, आणि मग बाबांनी विचारलं, "कंदील काऊन नाई सोडला?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी भाऊच डोळे मिटलेले ठेवून बोलला. "म्याच मनलं, काई जरूरत नाई."

धड बसताही न येणाऱ्या त्या माणसाला बाबांनी अक्कल काढून वाट्टेल ते सुनावलं. खरं सांगितलं असतं तर माझी शाळा त्याच दिवशी सुटली असती. म्हणून मी गप्प बसले, आणि बाबा असेपर्यंत गप्पच राहिले.

पंधरा दिवसांनी एसटीनं आम्ही बुलढाण्याला प्रदर्शनाला गेलो. यान भावानंच मांडीवर धरून आणलं. तिथं एका गृहस्थांनी डब्यांकडे पाहून त्याला चिडवलं, यात बसून जाणार तरी कोण?

"मी जाईन ना," भाऊ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "आमची बाई म्हणन तं आजच जाईन."

लोक हसले. पेवाच्या तोंडाशी सुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती. मी त्याची बाही घट्ट धरली.

"म्या मनलं तरी जाऊ नको, भाऊ."

ही थट्टाच आहे असं समजून तोही हसला.