नुसता भाडेकरू

बारामतीत माझं औषधांचं दुकान आहे. कुणाला साखर आहे, कोण झोपेची गोळी घेतं, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे मला बऱ्याचदा घरच्यांच्याही आधी कळतं आणि माझ्या तोंडून ते कधी बाहेर जात नाही. धंद्याची सवय. त्याच सवयीनं मी माझीही एक गोष्ट आत ठेवून दिली. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे. आजच का? ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आमच्या घराला वर एक खोली आहे, जिना बाहेरून. माझा मुलगा ओंकार शिकायला बाहेर पडला आणि ती रिकामी झाली. नवऱ्याची बदलीची नोकरी, ते शनिवार-रविवारचे. घरात मी आणि माझे सासरे, आबा. मग ती खोली मी शेतीच्या कॉलेजातल्या एका मुलाला दिली. फरीद त्याचं नाव. अफगाणिस्तानातला, कंदाहारकडचा, शिष्यवृत्तीवर आलेला. पहिल्या दिवशी दारात उभा राहिला तो मान खाली घालून, कारण चौकट त्याला पुरत नव्हती. हातात पत्र्याची ट्रंक, काखेत चहाची किटली. मी नियम सांगितले : दहाला फाटक बंद, पाणी जपून, मित्रांचा गोंधळ नको. प्रत्येक नियमाला तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चाय?" मला वाटलं, मागतोय. तो विचारत होता. माझ्याच ओट्यावर त्यानं मला चहा करून दिला, बिनदुधाचा, वेलची घातलेला. वाईट नव्हता.

आबांचं आणि त्याचं जमलं ते डाळिंबावरून. आमची शेती वालचंदनगरच्या पुढं, इंदापूरच्या बाजूला. थोडा ऊस, बाकी डाळिंब. फरीदच्या वडिलांचीही डाळिंबाचीच बाग. झालं. पहिल्याच रविवारी आबांनी त्याला स्कूटरवर मागं बसवून रानात नेलं.

"तुमच्याकडलं डाळिंब केवढं असतंय रं?" आबांनी विचारलं. त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं.

"आरं, डाळिंब इचारलं मी. कलिंगड न्हाय."

तो हिंदीत म्हणाला, की आबा, एकदा आमचं खाल्लंत तर तुमचं बकरीला घालाल. आबांनी आमच्या भगवा जातीचं एक फळ फोडून त्याच्या हातात दिलं. "बकरीला कशाला? तूच खा की. तुज्यापेक्षा बकरी बरी, नावं तरी ठेवत न्हाय." हे भांडण पुढं तीन वर्षं चाललं. दोघांपैकी कुणीही हार मानली नाही.

मराठी तो आबांकडूनच शिकला. त्यामुळं झालं असं, की हिरव्या डोळ्यांचा, सहा फुटी पठाण पोरगा माझ्या काउंटरपाशी येऊन म्हणायचा, "काकू, लई ताप हाय, एक गोळी द्या की." गिऱ्हाईकं वळून बघायची. एकदा पुण्याहून माझी बहीण आली होती. तिला म्हणाला, "मावशी, हितं बसा, तितं ऊन लागंल." ती आत येऊन मला म्हणाली, "अगं, हा तर तुझ्या सासऱ्यांसारखा बोलतो!" बोलायचाच. हेल तोच, मधेच घसा खाकरणंही तेच.

देशाबद्दल तो फार बोलायचा नाही. एकदाच बोलला, रानात. बहार भरात होता, फळांच्या भारानं फांद्या लवल्या होत्या आणि ते दोघं बांबू लावून सुतळीनं फांद्या बांधत होते. मी डबा घेऊन गेले होते. तो म्हणाला, आमच्याकडं दिवसा एक सरकार असतं, अंधार पडला की दुसरं. दिवसाचं सरकार शाळा बांधतं, रात्रीचं मास्तरला उचलतं. शेतकऱ्यानं दोघांनाही चहा पाजायचा. त्याचा थोरला भाऊ परदेशी फौजेत दुभाष्या होता. फौज आता परत जायला निघाली होती आणि भाऊ घराबाहेर पडेनासा झाला होता.

आबा सुतळीची गाठ मारता मारता थांबले. "म्हंजी त्यांनी बांबू लावलं हुतं व्हय? आन् आता काढून न्याया लागलं?"

"व्हय आबा."

"फळं उतरवायच्या आधी?"

फरीदनं सुतळी दातानं तोडली.

"मग फांदी मोडायचीच की रं," आबा म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं गेले.

त्या उन्हाळ्यात वडिलांच्या ऑपरेशनसाठी तो घरी निघाला. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती, दोन महिन्यांत येतो म्हणाला. ट्रंक वरच ठेवली, किटलीही. निघताना मी त्याच्या तळहातावर दही घातलं. मी देवभोळी नाही, पण घरातून माणूस लांब निघालं की दही घालते. ते का, असं त्यानं विचारलं. आबा म्हणाले, "परत याया." तेव्हा तो म्हणाला, आमच्यात माणूस निघाला की मागं पाणी ओततात, तेही परत यायलाच. आबा लगेच आत गेले, तांब्या भरून आणला आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर पायरीवर ओतला. "दोनी बाजूनं पक्कं केलं," म्हणाले.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. काबूल पडलं. विमानतळावरची ती गर्दी. आबा टीव्हीसमोरून उठेनात. गर्दीत एखादं उंच पोरगं दिसलं की वाकून बघायचे.

दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला, माझ्या मोबाईलवर, मी दुकानात असताना. आबांकडं फोन नव्हताच, ते माझ्याच मोबाईलवरून बोलायचे. पलीकडं आवाज दबका, पण मराठी तीच. "काकू, हितं लई वाईट हाय." भावाला शोधत लोक घरी येऊन गेले होते. तो दुसऱ्या घरी लपला होता. भारतानं जुने व्हिसा रद्द केले होते, नव्यानं अर्ज केला होता आणि त्यात इथला ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव दिलं होतं. "कुणी इचाराया आलं तर सांगा, मी तुमच्यात ऱ्हायचो. खोली हाय म्हणा. दुसरं काय नगं."

सांगते म्हणाले मी. त्या क्षणी मनापासूनच म्हणाले. की नाही? आता इतक्यांदा ते आठवलंय, की खरं काय होतं तेच कळेनासं झालंय.

कारण त्याच आठवड्यात ओंकारला सरकारी कंपनीत नोकरी लागत होती आणि त्याची पोलीस पडताळणी व्हायची होती. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दाढीवाल्यांचे, बंदुकांचे व्हिडिओ फिरत होते आणि शेजारीण गेटपाशी मला म्हणाली होती, "बरं झालं बाई, तुमचा तो गेला. असल्यांचं काय सांगता येतंय?" मी तिला काय म्हणाले? काहीच नाही. हसले असेन.

आणि मग हवालदार आले.

नेहमीचेच गिऱ्हाईक. आईच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. टोपी काढून स्टुलावर बसले. "ताई, वरनं चौकशी आलीया. त्या अफगाणी पोराची. तुमचं नाव दिलंय त्यानं. आबांच्या मागं स्कूटरवर बसायचा त्योच ना? दोन शब्द बरं सांगा, तसं कळवून टाकतो."

नीट ऐका. त्यांनी मला धमकावलं नाही. संशय घेतला नाही. ओंकारचं नावही काढलं नाही. उत्तर त्यांनी माझ्या हातात आणून ठेवलं होतं, मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "नुसता भाडेकरू होता. त्याच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

त्यांनी तरीही विचारलं, "परत आला तर ऱ्हायला तुमच्यातच ना?"

"खोली दिली दुसऱ्याला."

खोली कुणालाही दिली नव्हती. वर त्याची ट्रंक होती, किटली होती आणि दोरीवर वाळत घातलेला त्याचा टॉवेल आबांनी घडी करून उशाशी ठेवला होता.

"असं व्हय," हवालदार म्हणाले. "मला वाटलं, घरातलाच हाय." गोळ्या घेतल्या आणि गेले.

व्हिसा आला नाही. माझ्यामुळंच आला नाही का? सांगता येत नाही. हजारो लोकांना मिळाला नाही, हे मी पेपरात वाचलंय आणि एक काळ ते वाचून बरं वाटून घेतलंय. पण ते खरं उत्तर नव्हे. मी हो म्हणाले असते आणि व्हिसा नाकारला गेला असता, तर ती सरकारची गोष्ट झाली असती. मी नाही म्हणाले. ज्या बंदुकवाल्यांच्या भीतीनं तो पळत होता, त्यांच्याच भीतीनं मी त्याला दार लावलं. तीन वर्षं ज्यानं माझ्या ओट्यावर चहा केला, त्याच्यात आणि त्यांच्यात मला फरक माहीत नव्हता? चांगला माहीत होता.

त्यानंतर त्याचे फोन आले. दोन मी घेतले. कुणी आलं होतं का विचाराया? नाही रे, कुणीच नाही आलं. पुढचे घेतलेच नाहीत. मग तो नंबरच बंद झाला.

आणि आता ते सांगते, जे मला याहून जड जातं.

आबा रोज विचारायचे. जेवायला बसले की, "पोराचा फोन?" मी नाही म्हणायची. आला होता, वाईट आहे, मदत मागतोय, असं सांगितलं असतं तर आबांनी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. काठी घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन बसले असते — पोरगं माजं हाय, लिवून घ्या. आणि माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. म्हणून नाही. रोज नाही. महिने गेले तसं त्यांनी विचारणं कमी केलं. एकदा रानात झाडांना आधार देताना आपणच म्हणाले, "पोरं इसरत्यात. इसरंना का. सुकी असला म्हंजी झालं."

मी शेजारी सुतळी धरून उभी होते. सांगायचं होतं, आबा, तो विसरलेला नाही. गाठ मारून झाली. त्यांनी सुतळी मागितली, मी दिली.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. फरीद आपल्याला विसरला, असं समजून गेले.

ओंकारची पडताळणी केव्हाच झाली होती. कुणी काही विचारलंसुद्धा नाही. तो नोकरीवर निघाला तेव्हा मी त्याच्या हातावर दही घातलं होतं. वाटी तीच, चमचा तोच, हातही माझाच.

गेल्या वर्षी परदेशातल्या नंबरवरून फोन आला. मी उचलला आणि पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. आबा! तसाच खाकरा. मग, "काकू, वळकलं का?"

तो जिवंत आहे. पायी सरहद्द ओलांडून इराणात, तिथून डोंगरातून, बर्फातून पुढं कुठं कुठं करत आता युरोपातल्या एका गावात फळांच्या गोदामात काम करतो. डाव्या पायाची बोटं बर्फानं गेली. ते सांगून हसला, म्हणाला, एक चप्पल आता ढिली पडतीया. भावाला लोक घेऊन गेले, तो आलाच नाही. हे सांगताना हसला नाही.

आबांचं मी सांगितलं. कधी, कसे, ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "माजी आठवण काडायचे का?"

"रोज," मी म्हणाले. एवढं एक खरं होतं.

आता तो महिन्यातून एकदा फोन करतो. तिकडं त्याच्याशी मराठी बोलायला कुणी नाही म्हणे, विसरायला नको म्हणून करतो. गोदामात कुठकुठल्या देशांची डाळिंबं येतात, ती त्याला अजून पसंत पडत नाहीत. "आबांच्या भगव्याची सर न्हाय," असं परवा म्हणाला. आबांपाशी हे त्यानं एकदाही कबूल केलं नव्हतं. त्यांच्यासारखं बोलणारं आमच्या घरात आता कुणी उरलेलं नाही. ओंकार पुण्यासारखं बोलतो, मी दुकानासारखं. फोन लागला की आबा बोलायला लागतात आणि मी डोळे मिटून ऐकते. मला ते आवडतं. हेही सांगून टाकते, की फार आवडतं.

फोन ठेवायच्या आधी प्रत्येक वेळी तो एक वाक्य म्हणतो. "काकू, तुमी लई केलं माज्यासाटी. व्हिसा त्यांनी न्हाय दिला, तुमी काय करणार?"

आबांच्या आवाजात म्हणतो. आणि मी म्हणते, "असू दे रे."