पाहुण्यांच्या हस्ते पाणी

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी लग्नानंतर मोसंबीच्या बागेत आले. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, ठिबकच्या नळ्या सारख्या चोंदायच्या. मागच्या पत्र्याच्या खोलीत ॲसिडशी झटापट करून मी एक औषध बनवलं. नळ्या मोकळ्या व्हायच्या आणि मुळांना धक्का लागत नसे. आजूबाजूच्या गावांतून मागणी आली, तेव्हा घरात ठरलं की औषध दिरानं बनवलं असंच सांगायचं. त्याचं वडीगोद्रीला खता-बियाण्यांचं दुकान होतं.

"बाईच्या हातचं औषध कोन घेतंय? मान्सं हसतील," सासूबाई म्हणाल्या.

पापड बरे बाईच्याच हातचे लागतात, मी मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची छाती नव्हती. सासूबाईंचा मला धाकच होता, आणि नवरा असल्या वेळी चपला शोधत बाहेर जायचा.

अंबडला सत्कार ठरला. दिराला शाल-श्रीफळ, मला वहिनी म्हणून खण-नारळ. "तुमी काही बोलू नका वहिनी, मी बराबर सांभाळतो," दीर म्हणाला. मी मागे बायकांच्या खुर्च्यांत बसले. शेजारी सासूबाई, माझं मनगट धरून.

स्टेजवर औषध करून दाखवायचं होतं. टेबलावर काचेची बरणी, बाजूला फूल घातलेला तांब्याचा कलश. आपल्याकडे नारळसुद्धा पाहुण्यांच्या हस्तेच फुटतो. पण पाहुण्यांच्या हाती ॲसिड कसं द्यायचं? म्हणून दिरानं ते आधीच बरणीत ओतून ठेवलं होतं. आता पाहुणे वरून पाणी घालणार होते.

हे सगळं उलटं होतं. ॲसिड पाण्यात सोडतात, तेही बारीक धारेनं. ॲसिडवर पाणी पडलं की ते जागच्या जागी उकळतं आणि तोंडावर उडतं. दीर फोटोसाठी बरणीवर वाकून हसत होता.

ओरडले, तर औषध कुणाचं हे सगळ्या अंबडला कळणार होतं. गप्प बसले, तर त्याचे डोळे जाणार होते. खूप विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी उभी होते, एवढंच आठवतं.

"पाणी ओतू नका! आत ॲसिड आहे!"

कलश हवेतच थांबला. दिराचं तोंड पांढरंफटक पडलं. सासूबाई मला खाली ओढत होत्या.

"ताई, तुम्हाला कसं माहीत?" पाहुण्यांनी माइकवरून विचारलं.

सगळा हॉल मागे वळला. नवऱ्याकडे पाहिलं, तो चपलांकडे बघत होता.

"औषध मीच बनवलंय," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती मला तेव्हा वाटली.