अण्णांनी लावून दिलेली कामं

कुणी एकच काम रोज करताना दिसलं की अण्णा बेचैन व्हायचे. खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि विचारायचे, "हे उद्यापण करायचंय का?" हो म्हटलं की संपलंच. ते काम कॉम्प्युटरच्या गळ्यात बांधल्याशिवाय ते उठायचे नाहीत.

जामबागच्या बाजारात एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. तेव्हा व्यापाऱ्यांना वेबसाइटची नवी हौस लागलेली. अण्णा तिथले जुने प्रोग्रामर, मी नवखी. शेजारच्या गौलीगुडा बाजारातले धान्यवाले ईमेलने भाव पाठवायचे आणि ते वेबसाइटवर चढवायला मी रोज सकाळी यायची, रविवारीसुद्धा. अशात नांदेडला ताईचं लग्न ठरलं.

"मी गेले तर भाव कोण बदलणार?" मी रडकुंडीला आले.

"सर्व्हर बदलेल की! त्याला वेळ सांगून ठेवू."

ईमेलमधले भाव उचलून पानावर मांडणारा प्रोग्राम अण्णांनी लिहिला. तो रोज कधी चालवायचा, हे होस्टिंगच्या, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरच्या, खात्यात मला भरायला लावलं. मी सकाळचे आठ भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच हललं नाही. भाव बदलले ते थेट संध्याकाळी. तोवर व्यापाऱ्यांनी फोन करून ऑफिसच्या मालकाला, आमच्या शेठला, हैराण केलं होतं.

मी सर्व्हरला नावं ठेवू लागले तसे अण्णा पोट धरून हसले. "अगं, सर्व्हर अमेरिकेत बसलाय. तिथं आत्ता आठ वाजले. त्याला कायकू बोल लावायलीस?"

वेळ दुरुस्त केली आणि मी नांदेडला गेले. हळदीच्या सकाळी राहवेना, म्हणून एसटीडी बूथवरून अण्णांना फोन केला.

"बदलले भाव. ठेव फोन, आणि जेव पोटभर."

परतले तर शेठ अण्णांना विचारत होते, "अब इस लड़की का क्या काम?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "बाकी सबके काम कौन लगाएगा? मैं सिखाया इसको."

मी राहिले. हळूहळू सगळ्या वेबसाइटची कामं लावू लागले. अण्णांच्या पत्नी औरंगाबादला शिक्षिका होत्या. इतकी वर्षं दोन गावांत दोन बिऱ्हाडं चाललेली. एक दिवस अण्णांनी इथली नोकरी सोडली आणि तिकडे जायचं ठरवलं. निघताना मला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड सांगितला आणि लगेच म्हणाले, "आता बदल."

"तुम्हाला लागला तर?"

"म्हणूनच बदल, पोरी. गेलेल्या माणसाकडे किल्ली नसावी."

मी टाइप करू लागले तसं त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. झालं म्हटल्यावर पिशवी उचलली आणि शीळ घालत जिना उतरले.