धुतलेल्या बाटल्या

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी तिथल्या काचेच्या बाटल्या धुतल्या. धुऊन झाल्या की अडीचशे अंशांच्या कोरड्या भट्टीत भाजायच्या, हा नियम. भांडं धुण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संशोधन करणाऱ्या ताईंचा प्रयोग मात्र तीनदा फसला. रोगाशी लढणाऱ्या पेशी जंतू कसा ओळखतात, हा त्यांचा विषय. जंतू घातलेल्या पेशी चेतायला हव्यात, न घातलेल्या शांत राहायला हव्यात. इथे दोन्ही चेतत होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "कारण सापडलं तर ठीक, नाहीतर हे काम बंद. हात साफ नसेल तर काय उपयोग?"

ताईंनी येऊन विचारलं, "मामा, धुण्यात काही बदललंत का?"

"छे! भलतंच काय!"

बोलून गेले खरे, पण मन खाऊ लागलं. बदल झाला होता. नजर अधू झाल्यापासून भाजलेल्या बाटलीतही त्यांना कचरा दिसल्याचा भास होई. म्हणून ते ती कॅनमधल्या शुद्ध पाण्याने पुन्हा विसळत आणि वाफेच्या यंत्रात घालत. कॅन आठवड्यातून एकदाच भरत.

जरा वेळाने त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, वाफेत जंतू मरतात ना?"

"मरतात की. पण त्यांचं कवच उरतं. पेशीच्या अंगावर ग्राही असतात, म्हणजे टोक धरून ठेवणारे चिमटेच म्हणा. कवचाचा तुकडा त्यात अडकला की पेशी बोंब ठोकते. जंतू जिवंत की मेलेला, हे ती विचारत नाही. कोरड्या भट्टीतच ते कवच जळतं."

मामांना तो कॅन आठवला. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढले असणार. उद्यापासून विसळणं बंद केलं तर चौथा प्रयोग नीट होईल आणि कोणाला काही कळणार नाही. पण सर म्हणतील, पोरीचा हात कधी बसतो, कधी नाही. मागच्या तीन वेळांचा डाग तिच्याच माथी राहील.

घरी बायकोला सांगितलं, तशी ती म्हणाली, "इतकी वर्षं मला सांगता, भांडी दोनदा विसळ. घ्या आता!"

सकाळी मामांनी ताई आणि सर दोघांसमोर सगळं सांगितलं. ताईंनी दोन बाटल्या घेतल्या, एक नुसती भाजलेली, एक विसळून वाफवलेली, आणि दोन्हींत जंतू न घालता पेशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या पेशी गप्प होत्या. दुसरीतल्यांनी कल्ला केला होता.

सरांनी वहीत कारण लिहिलं आणि ताईंचं काम चालू ठेवलं. मग म्हणाले, "मामा, एकतीस वर्षांत पहिली चूक."

"सापडलेली पहिली, साहेब," मामा म्हणाले आणि कॅन मोरीत उपडा करायला गेले.