चावी द्यायची तर गाव बघून

हेमंत गेल्याचा फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून मी तो खोटाच धरला. पुरतं ऐकूनही न घेता फोन कापला आणि धुळ्याला त्याच्या घरी सुनंदावहिनींना लावला. ही शिकवण हेमंतचीच. 'समोरच्याने लावलेल्या फोनवर भरवसा नको, आपण उलटा लावायचा,' म्हणायचा. वहिनींचं रडणं ऐकलं आणि विचारायला काही उरलं नाही... सकाळी तिथल्या देवपुरात फिरायला निघालेल्या माणसाचं हृदय वाटेतच थांबलं होतं.

आम्ही दोघं मिळून एक लायब्ररी बांधत होतो, तो देवपुरातून, मी जळगावातून. पुस्तकांची नव्हे, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड. कुणी नेटवर्कमध्ये शिरू लागलं, की हा सांगतो तोच आहे का, हे ती तपासते. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना उघडी. सुधारणा कुणीही सुचवावी. पण नवी आवृत्ती बाहेर सोडायची चावी आमच्या दोघांकडेच, आणि प्रत्येक आवृत्तीवर दोघांचीही डिजिटल सही. ती भलत्याच्या हाती पडली, तर किती दवाखान्यांची, कॉलेजांची दारं सताड उघडतील, या धास्तीत हेमंत जगला.

घरातही तेच. दार वाजलं, बाहेरून कुणी 'मी' म्हटलं, की हा आतून अहिराणीत ओरडे, "मी तर बठ्ठाच शेतस. नाव सांग!" 'मी' तर सगळेच असतात, या त्याच्या नियमातून सासरेबुवांनाही सुटका नव्हती.

निशांत नावाचा कुणी दोनेक वर्षं आम्हाला मदत करत होता. काम चोख, बोलणं साखरेचं. हळूहळू त्याने चावी मागितली. आम्ही थकलो होतो, मी म्हटलं, देऊन टाकू. हेमंत उसळला. "पोर देताना आपन गाव दखतस. मंग चावी काय अशीच दी देवानी?" आणि खरोखरच सोयरिकीसारखी चौकशी करत सुटला. निशांतला प्रत्यक्ष भेटलेला एकही माणूस सापडेना. व्हिडिओवर बोलवावं तर कॅमेरा कायम बिघडलेला. 'चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस,' मी चिडवलं. तो हसला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की नातलग, मित्र दारावर येतात, घटकाभर बसतात. त्याच दिवसांत निशांतचा मेसेज आला. 'सर माझं दैवत होते. त्यांचं काम थांबू नये. चावी माझ्याकडे द्या.' मी वहिनींना वाचून दाखवला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "भाऊ, ज्याचा जीव तुटतो तो दारावर येतो. बोलवा त्याला."

मी बोलावलं. स्टँडवर घ्यायला येतो, असंही लिहिलं. 'नक्की येतो सर,' उत्तर आलं. तो आला नाही. पुढे त्याचं खातंच नाहीसं झालं. चोर होता की बुजरा पोरगा, देव जाणे. मला मात्र अजून ओळखीच्या नावांचाही संशय येतो, आणि या संशयाचा मला राग येतो.

गेल्या आठवड्यात मी प्रथमच एकट्याने नवी आवृत्ती सोडली. तासाभरात कुण्या परक्या मुलखातल्या वापरणाऱ्याने विचारलं, 'हेमंत कुठे आहेत? त्यांची सही का नाही? तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?'

मी लिहिलं, 'हेमंत वारले. विश्वास ठेवू नका. ओळ न् ओळ तपासा.'

तो खरंच तपासायला बसला. एकेक खोचक प्रश्न येत राहिला, आणि हेमंत गेल्यापासून पहिल्यांदाच मला एकटं वाटलं नाही.